गळतीचा खटका

"उलटी कर ती ट्रंक," अप्पा म्हणाले आणि मी ती उलटी केली.

दोन ड्रेस, जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, स्वेटर, आतल्या कपड्यांची घडी. ती घडी दिसली तेव्हाच मी मान फिरवायला हवी होती. नाही फिरवली. मी शोधत होतो. स्वेटर हाताला जड लागला. झटकला, तर फरशीवर कॉईलची शेगडी दणकन आपटली.

"सापडली!" मी ओरडलो. लॉटरी लागल्यासारखा.

दारात सात-आठ पोरी उभ्या होत्या. त्या एकदम दोन पावलं मागं सरकल्या. जिची ट्रंक होती ती मात्र भिंतीला टेकून तशीच उभी. सावळी, किडकिडीत, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला.

"काय गं, हे काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"शेगडी."

"ती मलाबी दिसायलीय. नाव काय तुझं?"

"प्रतीक्षा."

"पुढं?"

"सोनकांबळे."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसले. "तुमच्यातलीच हाय की रं, बब्रू. तूच विचार बाबा. मी बोललो की उद्या म्हणतील, अप्पा जातीवर गेला."

मी विचारलं. अप्पांनी विचारलं असतं त्याच्यापेक्षा कडक विचारलं.

"रोज संध्याकाळी लाईट तूच घालवतीस ना?"

"नाही काका. मला दमा आहे. पहाटे एक तांब्या पाणी गरम करते, एवढंच. संध्याकाळी शेगडीला हातही लावत नाही."

"चोर कधी म्हणतो का, मी चोर हाय म्हणून?"

"मी चोर नाही."

"शेगडी लपवायला आलं, खोटं बोलायलाबी येतंयच."

ती गप्प झाली. ती गप्प झाली याचा मला आनंद झाला. आज अठरा वर्षांनी लिहितोय तर हेही लिहितो. आनंद झाला.

लातूरला तेव्हा पोरापोरींचा पूर लोटला होता. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, म्हणून खेड्यापाड्यातून पोरं यायची, क्लास लावायची आणि कोंबड्यांच्या खुराड्यात राहावं तशी राहायची. अप्पांनी गोडाऊनवर दोन मजले चढवले आणि मुलींचं वसतिगृह काढलं. एका खोलीत चार पोरी. दुसऱ्या मजल्यावर बेचाळीस. त्याच मजल्याच्या पॅसेजमध्ये अप्पांच्या गुरूंचा देव्हारा होता. म्हणून जिन्यापाशी चपला काढायच्या, वर अनवाणीच वावरायचं, हा कायदा. क्लासचे सर आले तरी बूट काढून. रोज साडेपाचला गोदाबाई पॅसेज पुसायची आणि सहाला आरती व्हायची.

मी तिथला वायरमन. बब्रुवान कांबळे. कुठल्याही आयटीआयचं तोंड मी पाहिलेलं नाही. एका मिस्त्रीच्या हाताखाली झटके खात खात शिकलो. तार कुठं जोडायची ते मला कळायचं. ती तिथंच का जोडायची, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि दहा-बारा दिवस झाले, संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुसऱ्या मजल्याची लाईट जायची. रोज नाही. एक दिवस जायची, दोन दिवस जायची नाही, पुन्हा सलग दोन दिवस. खालच्या पेटीत खटका पडलेला असायचा. वर केला की लाईट यायची आणि रात्रभर काही नाही. मी सगळ्या खोल्यांचे पंखे बघितले, बोर्ड उघडले, जोड घट्ट केले. काही सापडेना.

"कोणतरी गुपचूप शेगडी नाहीतर पाण्याचा रॉड लावायलंय," अप्पा म्हणाले. "नेमकं सहाला. आपण आरतीत असतो तेव्हा. बब्रू, मला ती पोरगी पाहिजे."

आणि त्यांनी आरतीनंतर जाहीर केलं. लाईट जाताना जी कुठल्या विजेच्या वस्तूपाशी सापडेल तिची ट्रंक त्याच दिवशी गेटच्या बाहेर.

त्या दिवसापासून मी वायरमन राहिलो नाही, पोलीस झालो. जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहायचो. कोण दार लावून घेतंय, कोणाच्या खोलीतून वास येतोय, कोण माझ्याकडं बघून बोलणं तोडतंय. बेचाळीसच्या बेचाळीस पोरी मला लबाड वाटायला लागल्या. त्याही एकमेकींकडं तसंच बघायच्या. शेजारच्या कॉटवरची माझं नाव सांगेल का, ही भीती त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत गेली होती.

तर रविवारी दुपारी मी ती शेगडी काढली. अप्पांनी तिच्या गावी फोन लावला, अहमदपूरच्या पुढं कुठंतरी. तिचा बाप गावचा कोतवाल होता. "पोरीला घेऊन जावा," एवढंच सांगितलं. पोरीला खाली ऑफिसात बसवलं, ट्रंक बांधून बाजूला.

दीड महिन्यावर परीक्षा. आता दुसरीकडं कोण ठेवून घेणार? आणि वसतिगृहातून काढलेली पोरगी गावात गेली की गाव काय काय जोडतं, ते मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं तरी मी चहा पीत बसलो.

सहा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

वर नेहमीसारखा एकच कल्ला झाला. अप्पा आरतीचं ताट हातात घेऊनच खाली आले. मी खटका वर केला. ऑफिसात ती पोरगी आमच्याकडं बघत होती. तिची शेगडी टेबलावर होती, वायरीची गुंडाळी करून.

मला वाटलं, अप्पा आता ओशाळतील. कुठलं काय!

"म्हणजे अजून एकीकडं हाय," ते म्हणाले. "उद्या सगळ्यांच्या ट्रंका बघायच्या. आन् बब्रू, ती पेटीतली कटकट काढून टाक. त्या खटक्याची. डायरेक्ट कर."

"अप्पा, तो सरकारी तपासणीसाठी बसवलाय."

"तपासणी झाली की. साहेब काय रोज येतो का? पोरींचा अभ्यास बुडायलाय."

मला काय, मालक म्हणाला, मी केलं. तेव्हा सगळेच करायचे. पेटीत लहान खटक्यांची एक ओळ होती, खोलीगणिक एक. आणि शेवटी एक रुंद खटका, त्याच्यावर बारीक बटन. पडायचा तो हाच. आम्ही मिस्त्री लोक त्याला नखरेल म्हणायचो. कारण नसताना रुसतो म्हणून. मेन बंद केलं, त्याच्या दोन्ही बाजूच्या तारा काढल्या, एकमेकींना जोडल्या, वरून टेप. दहा मिनिटांचं काम. मेन चालू केलं, वर लाईट लागली.

हात पुसत ऑफिसात आलो. पक्कड पिशवीत टाकत होतो.

"काका, एक विचारू?"

"आता काय?"

"पेटीत कोणता खटका पडतो? खोल्यांचा, की तो मोठा?"

"मोठा. का?"

"दरवेळी तोच? खोलीचा कधीच नाही?"

"नाही. तुला काय करायचंय?"

ती उठून उभी राहिली. "मग शेगडीचा संबंध काय, काका? शेगडीनं जास्त वीज ओढली तर खोलीचा पडायला पाहिजे. तो लोडचा असतो. मोठा गळतीचा असतो. गेलेली वीज सगळी परत आली का, एवढंच तो बघतो. कमी आली तर पडतो. म्हणजे मधल्यामध्ये कुठंतरी गळाली."

"कुठं गळाली?"

"जमिनीत. नाहीतर माणसातून."

मी हसलो. चष्म्याला दोरा बांधलेली पोरगी मला माझा धंदा शिकवत होती. पण हसू पुरतं बाहेर आलं नाही.

"बुधवारी लाईट गेली ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मला झटका बसला होता. बाटली भरत होते, पाण्याच्या कूलरला हात टेकला. हात चिकटला असं वाटलं आणि तेवढ्यात लाईटच गेली. शुक्रवारी शबानाला बसला. तिथंच. मला वाटलं होतं, लाईट जाताना बसतो. उलटं आहे, काका. झटका बसतो म्हणून लाईट जाते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? जी सापडेल तिची ट्रंक बाहेर, असं तुमच्या देखत सांगितलं ना अप्पांनी? जी बोलेल ती चोर."

वर ओरडायच्या त्या पोरी. लाईट गेली की चाळीस जणी ओरडतात. त्यातलं एकीचं ओरडणं वेगळं आहे, हे खाली कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पोलिसाला कसं कळणार होतं?

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता पेटीत काय केलंत?"

मी पिशवी तिथंच टाकली. जिन्याकडं पळालो.

जिना चढताना मला एवढंच दिसत होतं. साडेपाचला पुसलेला ओला पॅसेज, अनवाणी पाय, स्टीलचा कूलर. म्हणून नेमकं सहाला. आतापर्यंत जितक्या वेळा तो खटका पडला, तितक्या वेळा कुणाची तरी पोरगी त्याच्यामुळं जिवंत राहिली होती. आणि तो मी दहा मिनिटांत काढून टाकला होता. मेनचा खटका खालीच होता, आधी तो पाडावा हे डोक्यातच आलं नाही. माणूस घाबरला की वायरमन राहत नाही.

वर एक बुटकी पोरगी बाटलीचं झाकण उघडत कूलरपुढं उभी होती. दुसरा हात टेकायला निघालेला.

"हात लावू नको! मागं हो!"

ती इतकी दचकली की बाटली पडली. "मी काही नाही केलं हो! मी फक्त पाणी..."

तिला वाटलं, मी तिला पकडलं.

मी खिशातला टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. आतली लाल काडी पेटली. चांगली लख्ख. प्लग पलीकडं कूलरच्या मागं, भिंतीला चिकटून. तिथं हात घालायचा तर पत्र्याला अंग लागणार. मी तसाच उभा.

तेवढ्यात अप्पा वर आले. त्यांच्यामागं प्रतीक्षा आणि एक वाळलेला माणूस. पांढरी टोपी हातात. तिचा बाप, लक्ष्मण कोतवाल. नुकताच पोचला होता. जिन्यापाशी त्यानंही चपला काढल्या होत्या.

"काय तमाशा हाय?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, कूलरच्या बॉडीत करंट हाय. शेगडी नाही, रॉड नाही, हे हाय."

"नवा कूलर हाय तो."

"टेस्टर बघा."

"तुझा टेस्टर! चार आण्याचा." अप्पांनी बापाकडं बघितलं. "बघा पावणं, पोरगी पकडली गेली तर आता ह्यानं कूलर काढला. दोघं एकाच आळीतले. मी म्हणलंच होतं."

कोतवाल पोरीकडं बघत होता. मला ते बघणं ओळखीचं होतं. बापसुद्धा विचारत होता, खरंच केलंस का तू?

प्रतीक्षा पुढं आली. "अप्पा, टेस्टर खोटा असेल तर तुम्ही हात लावून बघा."

"काय?"

"हात लावा. नुसता टेकवा. काही झालं नाही तर मी चोर. लगेच जाते."

पॅसेजमध्ये पोरी जमल्या होत्या. सगळ्या दारांतून डोकी. बेचाळीस पोरींसमोर एवढ्याशा पोरीनं बोललेलं. अप्पांचा चेहरा तांबडा झाला.

"घाबरतोय काय मी? हा घे."

आणि त्यांनी हात पुढं केला.

फरशी अजून ओली होती. अप्पा अनवाणी होते.

इथं मला थांबायला पाहिजे. कारण त्या क्षणी मी लगेच बोललो नाही. एक श्वास गेला. त्या एका श्वासात मला काय काय आठवलं! लोकांच्या घरात अंगठी हरवली की आधी वायरमनचं नाव निघतं. माझी पिशवी किती दारांत उलटी केली गेली होती, पक्कड, पेचकस, टेपचे रोल फरशीवर मांडून. तशी कुणाची तरी पिशवी उलटी करायचा हक्क आयुष्यात पहिल्यांदा याच माणसानं मला दिला होता. आणि मी तो घेतला होता, दोन्ही हातांनी. म्हणून तर ती शेगडी पडल्यावर मी ओरडलो होतो.

"अप्पा," मी म्हणालो, "खटका काढलेला हाय."

हात तिथंच थांबला. पत्र्यापासून वितीवर.

"तुम्हीच काढायला लावला. आता लाईट जाणार नाही. तुम्ही जाल."

अप्पांनी हात मागं घेतला. शर्टाला पुसला, जसं काही लागलंच होतं. मग जिन्याकडं बघून म्हणाले, "गोदाबाई, माझी चप्पल आण."

देव्हाऱ्यासमोर आरतीचा धूर अजून विरला नव्हता. गोदाबाई चप्पल घेऊन आली. अप्पांनी ती पायात घातली. कोणी हसलं नाही.

मी गोदाबाईला खाली पाठवलं, मेन पाडायला. सगळीकडं अंधार झाल्यावर कूलर पुढं ओढला आणि विजेरीच्या उजेडात मागं बघितलं. आतली एक तार घासून घासून उघडी पडली होती, पत्र्याला टेकली होती. तसं होतं, यंत्र आहे. पण अशा वेळी गळालेली वीज जमिनीत नेणारी हिरवी तार असते. ती मधूनच कापलेली होती. टोकावर काळी टेप, तीन वेढे आणि शेवटी चिमटीनं पीळ.

टेप गुंडाळायची ती पद्धत या गावात एकाच माणसाची होती.

मागच्या उन्हाळ्यात कूलर मीच बसवला होता. मजल्यावर अर्थिंगची तार आणलेलीच नव्हती. हिरवी तार जोडायला जागा नव्हती, लोंबत होती, वाईट दिसत होती. मी कापली. ती जोडली असती तर पहिल्याच दिवशी, कुणाचा हात लागायच्या आधीच खटका पडला असता.

"कोणी कापली ही?" अप्पांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं. आवाजात एकदम जीव आला होता. "बघा, कोणीतरी मुद्दाम कापली. पोरी, तुला तर ह्यातलं लई कळतंय!"

अंधारात सगळ्यांची तोंडं पुन्हा प्रतीक्षाकडं वळली. मला दिसली नाहीत, पण वळली. कपड्यांची सळसळ ऐकू आली.

"मी कापली," मी म्हणालो.

"तू?"

"मी. मागच्या एप्रिलात. तुम्ही शेजारी उभे होतात. मी म्हणालो, खालून अर्थिंग आणावं लागंल. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू. मी कापली आणि वर टेप मारली. तुम्ही म्हणालात, आता कसं नीट दिसतंय."

कोतवाल पहिल्यांदा बोलला. "म्हंजे माझ्या लेकीनं काय केलं न्हाई?"

"काही नाही, दादा. पहाटे तांब्याभर पाणी तापवलं."

"मग हिची ट्रंक कुणी उघडली?"

"मीच."

विजेरी माझ्या हातात होती, उजेड खाली पडला होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते, भेगाळलेले. ते पाय माझ्याकडं एक पाऊल आले, मग थांबले.

"चल गं," तो पोरीला म्हणाला. "जिथं झडती घेत्यात तिथं ऱ्हायचं न्हाई."

"मी नाही येणार, बाबा."

"प्रतीक्षे..."

"आत्ता गेले तर झडतीत सापडली म्हणून गेली, असंच म्हणतील. सगळीकडं तेच सांगतील. परीक्षा झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"ठेवायचं का नाही ते मी ठरवणार," अप्पा म्हणाले. "शेगडी सापडली ती सापडलीच. शेगडीला बंदी हाय. जी विजेला हात लावेल ती बाहेर, हे मी सांगितलेलं हाय."

मग डाव्या बाजूच्या खोलीतून आवाज आला. बारीक, घाबरलेला.

"मग मलाही काढा. शुक्रवारी माझा हात लागला होता कूलरला. मी शबाना."

"मला मागच्या सोमवारी बसला."

"मला आज. आत्ता आरतीच्या वेळी. मी सांगितलं नाही."

"मला दोनदा. मी तर कोपरानं बटन दाबायचे."

"माझ्या हाताला अजून मुंग्या येतात."

अंधारात एकेक आवाज येत होता. कोण बोलतंय ते दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक बोलत होत्या. दहा-बारा दिवस ज्या एकमेकींपासून दडवत होत्या, त्या एकदम एकमेकींना विचारायला लागल्या. तुलाही? केव्हा? मला का नाही सांगितलंस गं? कुणीतरी रडायला लागलं, कुणीतरी त्याच रडण्यात हसली. प्रतीक्षा बापाचा हात धरून मधोमध उभी होती आणि पोरी तिच्याभोवती दाटत चालल्या होत्या. अप्पा तिला काढणार असते, तर निम्मा मजला काढावा लागला असता. ते त्यांनाही कळलं.

ते माझ्याजवळ सरकले. माझ्या कानाशी वाकले. तंबाखूचा वास आला.

"बब्रू," ते कुजबुजले, "ह्यातल्या निम्म्या खोटं बोलायल्यात बघ. एवढ्यांना कसा बसंल झटका? कोण कोण खोटं बोलतंय ते उद्या मला नीट शोधून काढून दे."

मी टेस्टर त्यांच्या हातात ठेवला.

"तुम्हीच शोधा," म्हणालो आणि विजेरी घेऊन खटका परत जोडायला खाली गेलो.